परस्पर दिलेलं उत्तर

पंधरा जूनला सकाळी सहा वाजल्यापासून इत्सेल बारागान फोन समोर ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. कॉलेजांच्या प्रशिक्षकांना नियमच तसा आहे. निवड बारावीनंतरच्या संघासाठी, पण मुलीचं दहावीचं वर्ष संपून पंधरा जून उजाडेपर्यंत तिच्याशी निवडीबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. तिनं कितीही मेल पाठवावेत, कितीही व्हिडिओ पाठवावेत, समोरून उत्तर येत नाही. मग त्या तारखेला धरणाचे दरवाजे उघडावेत तसे फोन सुरू होतात. वाळूवर व्हॉलीबॉल खेळणारी प्रत्येक मुलगी दोन-दोन वर्षं या एका दिवसाकडे डोळे लावून बसलेली असते.

इत्सेलनं बेचाळीस प्रशिक्षकांना मेल पाठवले होते. दुपारचे बारा वाजले तरी एकाचाही फोन आला नाही. तिची जोडीदार ब्रिन हिला तोवर अकरा जणांचे निरोप आले होते. ब्रिन आधी एकेक नाव आनंदानं कळवत राहिली, मग इत्सेलकडून काहीच येत नाही म्हटल्यावर तिनं कळवणंच बंद केलं. ते बंद होणं इत्सेलला जास्त लागलं.

दोघी साउथ जेटी क्लबकडून दोन वर्षं एकत्र खेळत होत्या. ब्रिन सहा फूट उंच, नेटवर हात वर करून उभी राहिली की भिंतच. इत्सेल पाच फूट पाच इंच. ब्रिनच्या हातांवरून, बगलेतून, कडेनं जे जे निसटेल ते मागे धावून उचलायचं हे इत्सेलचं काम. समोरच्या मुली तिला वैतागायच्या. जीव खाऊन मारलेला चेंडू वाळूला टेकला असं वाटावं आणि तो पुन्हा हवेत दिसावा, असं चार-पाचदा झालं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्या वसंतात या जोडीनं किनाऱ्यावरच्या तीन स्पर्धा जिंकल्या होत्या.

संध्याकाळी तिचे वडील आर्ट कामावरून आले. सॅन पेड्रोच्या बंदरात ते क्रेन दुरुस्त करत. लेकीचं तोंड त्यांनी बघितलं. येताना आणलेले माशाचे टाको तिच्यासमोर ठेवले आणि हात धुवायला गेले. ते टाको तिथंच गार झाले.

दुसऱ्या दिवशी क्लबचे मुख्य प्रशिक्षक डग व्हिटेकर यांनी तिला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले की उंची काही कोणाच्या हातात नसते. मोठ्या कॉलेजांना मागच्या फळीतसुद्धा पाच फूट आठ, पाच फूट नऊ इंचांच्या मुली हव्या असतात. घराजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजातही चांगला खेळ होतो, तिकडे आपली ओळख आहे, एक शब्द टाकला की काम होईल. इत्सेलला ते पटलं. पटलं म्हणजे इतकं की दोन आठवडे ती रोज सकाळी दाराच्या चौकटीत लावलेल्या दांड्याला लोंबकळत राहिली. लोंबकळून कोणी वाढत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यानं वर, तीन तासांवरच्या एका कॉलेजनं एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. नाव नोंदवेल तिला प्रवेश. आर्टनी रजा टाकली आणि तिला घेऊन गेले. इत्सेल त्या दिवशी जिवाच्या आकांतानं खेळली. शिबिर संपल्यावर पाण्याच्या पिंपापाशी तिथल्या सहायक प्रशिक्षक तिच्याजवळ आल्या. नोएलानी आकाना त्यांचं नाव, हवाई बेटांवरच्या, बोलण्यात आडपडदा नाही.

"तू साउथ जेटीची बारागान ना? मग तू इथं कशी?"

इत्सेलला प्रश्नच कळला नाही. खेळायला आले, म्हणाली.

"नाही, म्हणजे आम्ही तुझ्याबद्दल डगला दोनदा विचारलं होतं. फेब्रुवारीत आणि मे महिन्यात. तो म्हणाला, तिचा विचार करू नका. घरचे तिला लांब पाठवणार नाहीत, ती गावातच राहून शिकणार आहे."

"असं मी कधीच म्हटलं नाही."

आकानांनी टोपी काढून केसांतून हात फिरवला. तोंडातून निघून गेलं याचा त्यांना पश्चात्ताप होतोय हे दिसत होतं, पण त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. "पोरी, तुझ्या वर्षासाठी मागच्या फळीत आम्हाला एकच मुलगी हवी होती. पंधरा जूनला आमच्या यादीत तू असतीस. गेल्या गुरुवारी दुसरीनं होकार दिला. आता जागा नाही. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं."

इत्सेलनं त्यांचे आभार मानले. शिकवणच तशी होती. मग ती गाडीत जाऊन बसली आणि तिनं दार इतक्या जोरात ओढलं की आर्टनी हातातली कॉफी सांभाळली.

गाडी अर्धा तास पुढं गेली. मग तिनं सगळं एका दमात सांगितलं. आर्टचा चेहरा लाल होत गेला. लांब पाठवणार नाहीत म्हणजे काय, त्याला कोणी सांगितलं, असं ते म्हणायला लागले आणि मधेच गप्प झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑक्सनार्डचे स्ट्रॉबेरीचे मळे लागले.

"डॅड, काय झालं?"

"दोन वर्षांपूर्वी क्लबच्या पार्टीत," आर्ट म्हणाले, "मी मांस भाजत होतो. डग शेजारी उभा होता. म्हणाला, ही पुढं कुठं जाणार? मी म्हणालो, हिची गाडी बिघडली तर मला पाना घेऊन जाता येईल तिथवरच जाऊ देईन. सगळे हसले होते, बाळा. डगसुद्धा हसला होता."

"तुझ्या मनात होतं का तसं?"

"थट्टा होती ती."

"मनात होतं का, ते विचारतेय."

आर्टनी मागून येणारी गाडी पुढं जाऊ दिली. "अर्धं होतं," ते म्हणाले.

इत्सेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॅड खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. डगवर चिडणं सोपं होतं. तो परका होता. हा माणूस पहाटे तिला वाळूवर सोडून मग कामावर जायचा, तिच्या गुडघ्यांना बर्फ लावून द्यायचा, आणि याच्याच तोंडच्या एका वाक्यानं तिचं कॉलेज गेलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. आर्ट म्हणाले, उद्या मी डगकडे जातो आणि बघतोच त्याच्याकडे.

"तू जाणार नाहीस," इत्सेल म्हणाली. "मी जाणार. यायचंच असेल तर ये, पण तोंड उघडायचं नाही. माझ्या वतीनं आता कोणीच बोलायचं नाही. तूसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं क्लबवर गेले. क्लब म्हणजे किनाऱ्यालगत एक बुटकी खोली आणि समोर वाळूत आठ कोर्टं. डग जाळी बांधत होते. आर्टना बघून त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. "ब्वेनास तार्देस, आमिगो!" आडनाव स्पॅनिश वळणाचं म्हणून आर्टशी ते कायम असं मोडकंतोडकं स्पॅनिश बोलत आणि आर्ट कायम इंग्रजीत उत्तर देत. सहा वर्षांत डगच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"एवढं एक माझ्यापुरतं बोलतो," आर्ट लेकीला म्हणाले. मग डगकडे वळले. "डग, माझे आजोबा इथलेच, याच गावात जन्मले. स्पॅनिश मला तुझ्याइतकंच येतं. म्हणजे येत नाही." एवढं बोलून ते कुंपणापाशी जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले.

इत्सेलनं सरळ विचारलं. आकाना मॅडमना तुम्ही काय सांगितलंत? डगनी आधी आठवत नाही म्हटलं. मग म्हणाले, एवढे प्रशिक्षक विचारतात, प्रत्येकाला काय सांगितलं ते कोण लक्षात ठेवणार. मग ती हलत नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ आवाज ऐकून तिचं पित्त आणखी खवळलं.

"हे बघ, मी तुझ्या भल्याचंच बघत होतो. तुमच्यासारख्या कुटुंबांत घरातली माणसं जवळ लागतात. मला त्याचा आदरच आहे. उगीच आशा लावून मग घरी भांडणं नकोत, म्हणून मी आधीच—"

"तुम्ही मला विचारलंत?"

"तुझ्या वडिलांनीच सांगितलं होतं."

"मी विचारते, मला विचारलंत? बेचाळीस जणांना मी पत्रं लिहिली. तुमच्या खोलीतल्या टेबलापाशी बसून लिहिली. तेव्हा तुम्ही मला चुका दुरुस्त करून देत होतात. ज्यांना मी ‘मला घ्या’ म्हणून लिहीत होते, त्यांनाच तुम्ही ‘घेऊ नका’ म्हणून सांगत होतात. किती जणांना सांगितलंत?"

डगनी जाळीची दोरी हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. पाच-सहा, म्हणाले. आठसुद्धा असतील.

"नावं द्या."

नावं देता येणार नाहीत, ते म्हणाले. हा माझा आणि त्यांचा विश्वासाचा मामला आहे. आणि तुझा असा सूर असेल तर महिनाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत तुला उतरवायचं की नाही याचा मला विचार करावा लागेल. ब्रिनला शांत डोक्याची जोडीदार लागते.

विचार त्यांनी केलाच. दोन दिवसांनी ब्रिनची जोडी स्लोन नावाच्या मुलीशी लागल्याचं कळलं. स्लोन इत्सेलच्याच जागेवर खेळायची, तिच्याहून तीन इंच उंच होती, आणि तिचे वडील क्लबच्या समितीवर होते. ब्रिनचा फोन आला. ती रडत होती. आई म्हणते आत्ता कोणाशी वाकडं घ्यायची ही वेळ नाही, असं म्हणाली. इत्सेलनं शांतपणे विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" ब्रिननं पुन्हा आईचंच म्हणणं सांगितलं. इत्सेलनं फोन ठेवून दिला. मग बाहेर जाऊन तिनं गॅरेजच्या भिंतीवर तासभर चेंडू मारला. शेजारच्या मिसेस कुलजिश बाहेर आल्या, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

राष्ट्रीय स्पर्धेत क्लबाविनाही उतरता येतं, फक्त जोडीदार हवी. स्पर्धेच्या संकेतस्थळावर जोडीदार शोधणाऱ्यांची एक यादी असते. त्या यादीत मार्नी नावाची नेब्रास्काची मुलगी सापडली. सहा फूट एक इंच. तिच्या जोडीदाराचा घोटा मुरगळला होता. मार्नीनं फोनवर प्रामाणिकपणे सांगून टाकलं की आमच्याकडे मक्याच्या शेताशेजारी ट्रकनं वाळू आणून कोर्ट केलंय. समुद्र मी आजवर तीनदाच पाहिलाय, आणि तुमच्याकडच्या वाऱ्याचं मला काही कळत नाही.

"वाऱ्याचं मी बघते," इत्सेल म्हणाली. "तू फक्त नेटपाशी हात वर कर."

स्पर्धेच्या पहिल्या सकाळी किनाऱ्यावर साठ कोर्टं मांडलेली होती. कडेला बुटक्या खुर्च्या टाकून कॉलेजांचे प्रशिक्षक बसले होते, प्रत्येकाच्या टोपीवर आपापल्या कॉलेजचं नाव. मुली त्यांच्यासमोरून जाताना पाठ जरा ताठ करत. ब्रिन आणि स्लोनच्या कोर्टापाशी सात-आठ टोप्या एका ओळीत होत्या आणि त्यांच्या मधोमध डग बसले होते, कोणाला तरी काहीतरी सांगून हसवत.

इत्सेलची मॅच वीस मिनिटांवर होती. मार्नी म्हणाली, सराव करू या. इत्सेल म्हणाली, आलेच. आर्टनी तिला निघालेलं पाहिलं, ते अर्धवट उठले आणि पुन्हा खाली बसले.

ती त्या ओळीसमोर जाऊन उभी राहिली. सूर्य तिच्या मागे होता, त्यामुळे सगळ्यांना कपाळावर हात धरून वर बघावं लागलं.

"मी इत्सेल बारागान," ती म्हणाली. आवाज चढा होता. "मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पत्र लिहिलं होतं. कोच डगनी काही जणांना सांगितलं की मी घर सोडून जाणार नाही. ते उत्तर माझं नव्हतं. मला न विचारता, परस्पर दिलेलं होतं. मी कुठंही जायला तयार आहे. माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. मला बोलता येतं."

डग हसले, हात पसरून म्हणाले, "सोळा वर्षांची मुलं, काय सांगायचं." दोन-तीन प्रशिक्षक कसनुसं हसले. एकानं फोनमध्ये डोकं घातलं. एक बाई शेजारणीच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. त्यातलं "कटकट" एवढं इत्सेलच्या कानावर आलं. तिला वाटलं, संपलं. आपल्याच हातानं आपण होतं नव्हतं ते घालवलं.

ओळीच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ सूर्यफुलाच्या बिया चघळत होते. टेक्सासच्या आखातावरच्या एका लहानशा कॉलेजची टोपी, नाकावर पांढरं मलम. त्यांनी टरफल बाजूला थुंकलं.

"तुझी मॅच कुठल्या कोर्टावर?"

"एकोणसाठ. पार शेवटी."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

पहिली मॅच ती रागानं खेळली आणि रागानं जवळजवळ हरली. प्रत्येक चेंडू तिला फोडायचा होता. दोन सर्व्हिस बाहेर, एक नेटमध्ये. मार्नी वाऱ्यानं भरकटलेल्या चेंडूखाली गोल गोल फिरत होती. नऊ-चौदा झाल्यावर मार्नीनं विश्रांती मागितली आणि म्हणाली, "तू कोणावर चिडलीयस मला माहीत नाही, पण मी नेब्रास्काहून आलेय."

इत्सेलला हसू आलं नाही, पण लाज वाटली. तिनं मूठभर वाळू उचलून हळूच सोडली आणि मार्नीला दाखवलं. बघ, वारा कुठं नेतोय. चेंडू तुला वाटतो त्याच्या दोन पावलं डावीकडे पडणार. तिथं आधीच जाऊन थांब. राग गेला नव्हता, पण आता तो पायांत उतरला. ती चेंडूमागे शेजारच्या कोर्टात शिरली, खुर्च्यांत शिरली, एकदा तर आर्टच्या बर्फाच्या पेटीवर आदळली. तो सेट त्यांनी बावीस-वीस असा घेतला. पुढचाही घेतला.

त्या स्पर्धेत त्यांचा नववा क्रमांक आला. तिसऱ्या दिवशी हरल्या त्या फ्लोरिडाच्या दोन मुलींकडून, आणि सरळ हरल्या. ब्रिन आणि स्लोन पाचव्या आल्या. मोठ्या कॉलेजांपैकी कोणीही इत्सेलला फोन केला नाही. एका प्रशिक्षकानं नंतर कोणाला तरी सांगितलं म्हणे की मुलगी खेळते चांगली, पण संघात असली बंडखोरी नको. ते तिच्यापर्यंत पोचलं, अशा गोष्टी पोचतातच. त्या माणसाचा मेल आलाच, तर ती आजही उत्तर देणार नाही.

बिया चघळणारे गृहस्थ, प्रुइट त्यांचं नाव, त्यांनी मात्र तिच्या पाचही मॅच पाहिल्या होत्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. इत्सेलची आई दारात येऊन उभी राहिली. आर्टनी टीव्हीचा आवाज बंद केला. फोन इत्सेलच्याच हातात होता. प्रुइट म्हणाले की तुझ्या त्या भाषणामुळे मी आलो असं समजू नकोस. ओरडणारी मुलं मला पुष्कळ भेटतात. नऊ-चौदावर तू हातात वाळू घेऊन त्या पोरीला वारा शिकवलास, ते बघून मी बसून राहिलो. आमच्याकडे वारा फार आहे. हिवाळ्यात तर विचारू नकोस. ये, बघ, मग ठरव.

सप्टेंबरात ती ते कॉलेज बघून आली. आर्ट बरोबर गेले होते. परतताना विमानतळावर ते म्हणाले की पाना घेऊन यायचं तर मला दीड दिवस गाडी चालवावी लागेल. इत्सेलनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुझ्या अर्ध्याचं काय झालं?" तिनं विचारलं.

"आहे अजून," आर्ट म्हणाले. "पण ते माझं आहे. ते मी बघेन."

त्या रात्री घरी पोचल्यावर ती त्यांच्याशी दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट बोलली.

ऑक्टोबरात तिनं प्रुइटना होकार कळवला. तीनच दिवसांनी कोणीतरी तिला फोटो पाठवला. साउथ जेटी क्लबच्या खोलीबाहेर, कॉलेजांच्या संघांत निवडल्या गेलेल्या मुलींच्या तसबिरींच्या रांगेत तिचीही तसबीर लागली होती. खाली लिहिलं होतं: आमच्या क्लबनं घडवलेली खेळाडू.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थेट तिथं गेली. डग आत कोणाशी तरी फोनवर बोलत होते. तिनं खुर्ची ओढली, वर चढून तसबीर उतरवली, मागचं झाकण काढून आपला फोटो बाहेर घेतला आणि रिकामी चौकट टेबलावर ठेवली. डग फोन ठेवून दारात आले.

"अजून राग गेला नाही वाटतं," ते म्हणाले. "चांगलंच झालं की शेवटी सगळं."

"माझं चांगलं मी केलं," इत्सेल म्हणाली. "आणि हो, राग आहे. तुम्ही त्या उरलेल्या सात जणांची नावं द्याल तेव्हा बघू."

डगनी नावं दिली नाहीत. तिनं फोटो दप्तरात घातला, खुर्ची जागेवर ठेवली आणि खाली वाळूकडे चालू लागली. दिवस मावळायला अजून दीड तास होता आणि वारा चांगला सुटला होता.